आलेखातला वक्ता आणि हरवलेला श्रोता

2020 च्या टाळेबंदीत वक्तृत्व स्पर्धा व्यासपीठावरून मोबाईलच्या पडद्यावर आल्या. समोर श्रोता नसताना आपण कसे बोललो, हे वक्त्याला कळायचे कसे? भाषणाचे दृश्य-विश्लेषण करणारी साधने या प्रश्नाला उत्तर देऊ पाहतात. 2023 मध्ये संशोधकांनी मांडलेली ‘स्पीचमिरर’ ही प्रणाली त्यांपैकी एक. ऑनलाइन भाषणांच्या संग्रहावरून कोणते तंत्र किती परिणामकारक ठरते याचा अंदाज ती बांधते, त्या मापाने नवे भाषण जोखते आणि चित्रफितीवर देहबोलीच्या खुणा उमटवून दाखवते.

याचा फायदा नाकारता येत नाही. मारेगावात मुलांची भाषणे ऐकताना ‘आवाज चढव’, ‘हातवारे कर’ असे शेरे मी नेहमी ऐकतो. नेमके कुठे, हे कोणी सांगत नाही. आलेख ती जागा दाखवतो, आणि परीक्षकाच्या लहरीवर अवलंबून राहत नाही.

माझा आक्षेप मापदंडावर आहे. याआधीची 2021 ची ‘इ-फेक्टिव्ह’ प्रणाली टोस्टमास्टर्सच्या जागतिक स्पर्धेतील भाषणांवर बेतलेली होती. पाच ते सात मिनिटांचे, घोटून बसवलेले, इंग्रजी वळणाचे भाषण हा तिथला नमुना. आपल्याकडचा नमुना वेगळा आहे. गाडगेबाबा (1876–1956) कीर्तनात वऱ्हाडीतून प्रश्न विचारत आणि थांबत; लोकांचे उत्तर हेच पुढचे वाक्य असे. केवळ बाबांचा आवाज मोजला, तर ते थांबणे खंड म्हणून नोंदले जाईल. जे बळ, तेच वैगुण्य ठरेल.

आमच्या तालुक्यात कोलाम वस्ती आहे. कोलामी ही द्राविडी कुळातली भाषा. घरी ती बोलणारे मूल मराठी भाषणात मध्येच थबकते, तेव्हा ते बहुधा शब्द शोधत असते. यंत्राला आणि घाईच्या परीक्षकाला तिथे फक्त अडखळणे दिसते. अशा मुलाला दुसऱ्याच्या सरासरीशी ताडले, तर ते सुधारणार नाही, गप्प होईल.

म्हणून या साधनांचा वापर मुलाचे आजचे भाषण त्याच्याच मागच्या भाषणाशी ताडण्यापुरता करावा. आणि आलेखाशेजारी एक रकाना श्रोत्यासाठी ठेवावा: ऐकणाऱ्याला काय कळले? वक्तृत्वाची खरी परीक्षा तिथेच होते.