‘एकच प्याला’, ‘द्राक्षकन्या’ आणि मद्याची न सांगितलेली चव

मराठी साहित्यात मद्याचे चित्रण विपुल आहे. परंतु मद्याच्या आस्वादाचे चित्रण शोधू गेल्यास फारसे काही हाती लागत नाही, या वस्तुस्थितीकडे आपल्या समीक्षेने पुरेसे लक्ष दिलेले नाही. प्रस्तुत लेखात राम गणेश गडकरी यांचे ‘एकच प्याला’ हे नाटक आणि माधव जूलियन यांचा ‘द्राक्षकन्या’ हा अनुवाद यांच्या आधारे या अभावाचा विचार करावयाचा आहे.

आरंभी एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. गाण्याच्या बैठकीत बसणाऱ्या जाणकाराला आपण ‘दर्दी’ म्हणतो आणि मद्याच्या आहारी गेलेल्याला ‘नादी’. वेड दोघांनाही असते. दर्द्याचे वेड विशिष्ट वस्तूचे असते. नादी माणसाला वस्तू कोणती याच्याशी कर्तव्य नसते. पाश्चात्त्य वाङ्मयात मद्याचा दर्दी ही एक प्रतिष्ठित व्यक्तिरेखा आहे. एडिंबरो विद्यापीठात इंग्रजी साहित्याचे अध्यापन करून निवृत्त झालेले समीक्षक जॉर्ज सेंट्सबरी यांनी १९२० मध्ये ‘नोट्स ऑन अ सेलर-बुक’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्या तळघरातील बाटल्यांच्या जुन्या नोंदवहीवरून त्यांनी तो लिहिला. १८४६ च्या हर्मिटेजविषयी ते ज्या तन्मयतेने लिहितात, ती एखाद्या काव्यपंक्तीविषयी लिहिणाऱ्या समीक्षकाचीच आहे. या ग्रंथाच्या अवघे एक वर्ष आधी, फेब्रुवारी १९१९ मध्ये, गंधर्व नाटक मंडळीने बडोदे येथे ‘एकच प्याला’ प्रथम रंगभूमीवर आणले. गडकरी त्यापूर्वीच, २३ जानेवारीस, निवर्तले होते.

सुधाकर पहिला प्याला घेतो तो कशासाठी? वकिलीची सनद काही काळापुरती रद्द झाल्याचा अपमान विसरण्यासाठी. तळीराम त्याच्यापुढे जे ठेवतो, ते मूलतः विस्मरणाचे औषध आहे. (‘दारू’ या शब्दाचा फारसीतील अर्थ औषध असाच आहे आणि आपल्या ‘दवादारू’त तो अजून जिवंत आहे, हे येथे सहज आठवते.) औषधाची चव कोणी विचारीत नाही. सुधाकराने काय प्यायले हे नाटक संपल्यावर प्रेक्षकाला आठवत नाही. किती प्यायले, एवढेच आठवते. शीर्षकातील ‘एकच’ हे संख्याविशेषण या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. गडकऱ्यांची संपूर्ण शोकात्मिका मोजण्यावर उभी आहे.

आर्य मदिरा मंडळाचे प्रवेश या संदर्भात अधिक बारकाईने वाचावयास हवेत. सुधारक सभा-मंडळांच्या भाषेचे विडंबन म्हणून त्यांचा उल्लेख नेहमी होतो आणि तो योग्यच आहे. तथापि त्या विडंबनातून आणखी एक गोष्ट निसटून दिसते. मंडळाचे सभासद मद्याविषयी अखंड बोलतात, परंतु त्यांच्या बोलण्याचा भर चवीवर नसून समर्थनावर आहे. पिणाऱ्याचे वक्तृत्व गडकऱ्यांना चांगले ठाऊक होते. त्यांनी ते ढोंग म्हणूनच रंगविले. दर्द्याला त्यांच्या नाटकात जागाच नाही, कारण दर्दी असल्याचे सांगणारा प्रत्येक जण उद्याचा तळीराम आहे, अशी त्यांची धारणा दिसते. या धारणेत नाटकाचे सामर्थ्य आहे आणि मर्यादाही.

माधव जूलियन यांच्याकडे वळताना आपण दुसऱ्या टोकाला जात आहोत असे वाटते. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात काही काळ फारसीचे अध्यापन केलेल्या आणि १९२५ मध्ये ‘फारसी-मराठी कोश’ सिद्ध करणाऱ्या या कवीने १९२९ मध्ये उमर खय्यामच्या रुबाया मूळ फारसीवरून मराठीत आणल्या. १९३१ च्या ‘द्राक्षकन्ये’त फिट्झेराल्डच्या इंग्रजी रूपाचा अनुवाद केला. येथे मद्य हे पाप नाही, उन्माद आहे. क्षणभंगुर आयुष्याला दिलेले उत्तर आहे. परंतु या उन्मादाचीही चव कळत नाही. रंग आहे, सुरई आहे, गुलाब आहे, कुंभाराची माती आहे. द्राक्षाचा वाण, मुरण्याची वर्षे, जिभेवरचा तुरटपणा यांचा मागमूस नाही. हा दोष अनुवादकाचा नव्हे, परंपरेचाच तो संकेत आहे. मात्र त्याचा परिणाम असा झाला, की मराठी वाचकाला मद्य एक तर रूपक म्हणून भेटले किंवा सर्वनाश म्हणून. ‘प्याला’ हा शब्द दोन्हीकडे एकच, फारसीतून आलेला. आणि दोन्हीकडे त्यातील पेय अदृश्य.

या पार्श्वभूमीवर पुणे जिल्ह्यातीलच एक घटना उद्बोधक आहे. १९८० च्या दशकात नारायणगाव येथील इंडाज कंपनीने शॅम्पेनच्या पद्धतीने, म्हणजे बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवून, फेसाळ वाइन तयार केली. परदेशात ती ‘ओमर खय्याम’ या नावाने विकली गेली, तर भारतात तिला ‘मार्कीझ द पॉम्पादूर’ हे फ्रेंच नाव मिळाले. परक्यांसाठी पौर्वात्य नाव आणि घरच्यांसाठी पाश्चात्त्य! जुन्नर तालुक्यातील द्राक्षांना मराठी नाव मिळण्याची सोय कोठेच नव्हती. पुढे ती कंपनी डबघाईला आली, परंतु तो अर्थशास्त्राच्या अभ्यासकांचा विषय आहे.

मराठी भाषेला आस्वादाची सूक्ष्मता पेलत नाही, असे यावर कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकास हे मान्य नाही. आमच्या मावळात द्राक्ष पिकत नाही. लोणावळ्याचा वार्षिक पाऊस चार हजार मिलिमीटरहून अधिक, येथे भातच पिकतो. पण त्या भाताची नावे पाहावीत. ‘आंबेमोहर’ हे नाव म्हणजे काय? शिजणाऱ्या तांदळातून आंब्याच्या मोहराचा वास येतो, ही ती नोंद. युरोपातला वाइनचा जाणकार पेल्यात नाक घालून नेमके हेच करतो. एका वस्तूच्या गंधात दुसरीचा गंध ओळखतो. वडगाव मावळच्या संशोधन केंद्रातून १९८७ मध्ये ‘इंद्रायणी’ आला, त्याच्या वंशात आंबेमोहर आहे. नव्या तांदळाचा भात चिकट, जुन्याचा मोकळा, वास कोणत्या शेताचा चांगला, यावर येथील वृद्ध स्त्रिया अधिकारवाणीने बोलतात. भाषा आहे, तिला मद्यापाशी येण्यास आपण मज्जाव केला.

हा मज्जाव अकारण होता असे मात्र नाही. ज्या राज्यात गावोगावच्या स्त्रिया मतदान करून ‘आडवी बाटली’ करतात व दुकान बंद पाडतात, तेथे चवीची चर्चा ही सुखवस्तूंची चैन वाटणे स्वाभाविक आहे. लोकांचे दळण दळणारी सिंधू समोर असताना वाइनच्या सुगंधावर बोलणे कोणालाही जड जावे. तरीही या मौनाची किंमत मोजावी लागतेच. २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्र मंत्रिमंडळाने मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा उठलेला वाद ‘वाइन म्हणजे दारू की नव्हे’ या एका प्रश्नाभोवती फिरत राहिला. समर्थकांनी तिला जवळजवळ शेतमाल ठरविले. विरोधकांनी तळीरामाची आठवण व्हावी अशी भाषा वापरली. वाइन ही दारूच आहे आणि तरीही हातभट्टीहून वेगळी वस्तू आहे, हे साधे विधान करण्यास लागणारी शब्दसंपदा दोघांकडेही नव्हती.

शनिवार-रविवारी द्रुतगती मार्गाने लोणावळ्यास येणारा मराठी मध्यमवर्ग आता वाइन पितो. मागविताना, वाखाणताना आणि नापसंत करताना तो इंग्रजीत बोलतो. तिसरा पेला झाल्यावर मात्र मराठीत येतो, आणि तेव्हा त्याच्यापाशी असलेले शब्द गडकऱ्यांचे तरी असतात किंवा खय्यामचे तरी.