'निम्मी गुणसूत्रे' म्हणजे कोणती?

'शरीरपेशीत ४६ गुणसूत्रे असतात, जननपेशीत निम्मी म्हणजे २३.' शालेय विज्ञानात हा भाग बहुधा एवढ्यावरच उरकला जातो. विधानात चूक काहीच नाही. आमची तक्रार वेगळी आहे. यातून विद्यार्थी भागाकार शिकतो, जीवशास्त्र नाही.

तुळजापूर तालुक्यातील जळकोटसारख्या गावात शिकवताना उदाहरण दूर शोधायला नको. उस्मानाबादी शेळी सर्वांच्या ओळखीची आहे. शेळीच्या कातडीच्या किंवा यकृताच्या पेशीत ६० गुणसूत्रे असतात, तर अंडपेशीत ३०. मात्र ही कोणतीही ३० नव्हेत. ६० गुणसूत्रे म्हणजे ३० जोड्या. प्रत्येक जोडीतले एक आईकडचे, एक बापाकडचे. अर्धसूत्री विभाजनात जोडीदार आधी शेजारी येतात, मग विलग होतात आणि प्रत्येक जोडीतले एकच जननपेशीत जाते. देवळाबाहेरच्या ३० जोडी चपलांतून कशाही ३० उचलणे वेगळे आणि प्रत्येक जोडीतली एकेक उचलणे वेगळे. (उपमा थोडी लंगडी आहे. चपलांत डावी-उजवी असते. जोडीदार गुणसूत्रांवर मात्र त्याच गुणांची जनुके त्याच क्रमाने असतात.)

कोणत्या जोडीतले कोणते जाणार हे प्रत्येक जोडीपुरते स्वतंत्रपणे ठरते. त्यामुळे एकाच शेळीत १,०७,३७,४१,८२४ प्रकारच्या निवडी शक्य होतात. ही जात जुळ्या करडांसाठी प्रसिद्ध आहे. एकाच वेतातली दोन करडे रंगाने, कानांनी वेगळी का निघतात, याचे उत्तर बरेचसे इथे आहे. 'निम्मी' या शब्दात ते कुठेच नाही.

जोडी किती महत्त्वाची, हे खेचर दाखवते. घोड्याची गुणसूत्रे ६४, गाढवाची ६२. म्हणून खेचराला ३२ आणि ३१ मिळून ६३. शरीरपेशींच्या विभाजनात जोडीदार लागत नाही, त्यामुळे खेचर धडधाकट वाढते, ओझी वाहते. जननपेशी तयार होताना मात्र जोड्या नीट जुळत नाहीत आणि खेचर बहुधा वांझ राहते. उलट आकड्याचे महत्त्व पाहा. माणसात ४८ गुणसूत्रे आहेत असे १९२० च्या दशकापासून मानले जाई. १९५६ मध्ये त्यिओ आणि लेवान यांनी ती ४६ असल्याचे दाखवले. आकडा बदलला, जोडीचा नियम तसाच राहिला.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. नावाच्या सारखेपणामुळे 'लिंग गुणसूत्रे' फक्त लिंगपेशींतच असतात, असा समज वर्गात सहज रुजतो. प्रत्यक्षात पुरुषाच्या कातडीच्या पेशीतही एक्स आणि वाय दोन्ही असतात. ती जोडी विलग झाल्यामुळे साधारण निम्म्या शुक्रपेशींत एक्स जाते, निम्म्यांत वाय. त्यांतली कोणती अंडपेशीपर्यंत पोचेल हे कोणीच ठरवत नाही. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावणाऱ्यांना आपण 'बाप जबाबदार' असे सांगतो. हेतू चांगला, पण शब्द वाईट. त्याने दोष एकाकडून दुसऱ्याकडे जातो. मुलगी होणे हा दोषच, हे गृहीत धरलेले राहते. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. अशा राज्यात हा शब्द तपासूनच वापरायला हवा.

फळ्यावर ४६ रेघा काढण्यापेक्षा दोन रंगांच्या खडूंनी तीनच जोड्या काढाव्यात आणि विद्यार्थ्यांनाच त्या विलग करू द्याव्यात. परीक्षेत 'जननपेशीत गुणसूत्रे किती?' याऐवजी 'बोकडाच्या कातडीच्या पेशीत वाय गुणसूत्र असते का?' असे विचारून पाहावे.