कुंपणाबाहेरचं घर : 'प्रस्तावित' शहराची समीक्षा

(व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)



येताना मी तीन प्रकारचे कागद बरोबर आणलेत. एक, पुण्याच्या कडेच्या गावांमधल्या नव्या गृहप्रकल्पांची माहितीपत्रकं. दुसरा, बांधकाम परवानगी घेताना बिल्डर पाण्याबद्दल जे हमीपत्र देतो, त्याचा नमुना. आणि तिसरा, नकाशा. आपण कादंबरीची समीक्षा करतो, कवितेची करतो. आज या कागदांची करू या. कारण आपल्यातल्या बहुतेकांनी आयुष्यातली सगळ्यात मोठी रक्कम मोजली ती कुठल्या मजकुरावर? याच.

माहितीपत्रक आधी घेऊ. त्यात सोसायटीच्या आतलं सगळं नीट मोजून दिलेलं असतं. कार्पेट एरिया किती, टाइल्स कुठल्या, लिफ्ट किती. फाटकाच्या बाहेर पाऊल टाकलं की भाषा बदलते. रिंगरोड 'प्रस्तावित', मेट्रो 'प्रस्तावित', उड्डाणपूल 'प्रस्तावित'. अंतरं किलोमीटरमध्ये नाहीत, मिनिटांत आहेत. वाघोलीहून येताना संध्याकाळी सात वाजता नगर रस्त्यावर अडकलेल्या माणसाला विचारा, ही मिनिटं कुठल्या घड्याळातली?

आता तुम्ही म्हणाल, त्यासाठी रेरा आहे ना! आहे. २०१७ पासून महारेरा काम करतंय. रेरा कायद्याच्या बाराव्या कलमानुसार, जाहिरातीतल्या खोट्या माहितीवर विसंबून तुम्ही पैसे भरले आणि त्यामुळे नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. कायदा चांगला आहे. पण त्याचा जोर कुंपणाच्या आत. क्लबहाऊस दिलं नाही तर तक्रार करता येते. बाहेरचा रस्ता झाला नाही तर बिल्डर म्हणणार, ते माझं काम नव्हतं. आणि गंमत बघा, 'प्रस्तावित' हा शब्द खोटाही नसतो. प्रस्ताव कुठल्या तरी फायलीत असतोच!

दुसरा कागद. हमीपत्राचा आशय साधारण असा असतो : पालिकेचं पाणी मिळेपर्यंत रहिवाशांच्या पाण्याची व्यवस्था आम्ही करू. या वाक्यातला 'मिळेपर्यंत' हा शब्द बघा. कधी मिळेपर्यंत? तारीख नाही. व्यवस्था कोणाच्या खर्चाने, तेही मोघम. सोसायटी स्थापन होते, बिल्डर पुढच्या प्रकल्पाला लागतो आणि टँकरचं बिल मेंटेनन्समध्ये येतं.

थोडा हिशेब करू. पाचशे सदनिका, प्रत्येकी चार माणसं. म्हणजे २,००० माणसं. शहरी पाणीपुरवठ्याचा आपल्याकडचा प्रचलित निकष माणशी रोज १३५ लिटरचा आहे. एकूण झालं २ लाख ७० हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर रोजच्या सत्तावीस खेपा. ही एका सोसायटीची गोष्ट. आता अशा दहा सोसायट्या एकाच अरुंद रस्त्यावर आहेत असं समजा. म्हणजे पाणी नाही म्हणून टँकर, टँकर म्हणून कोंडी, आणि कोंडी म्हणून उड्डाणपुलाची मागणी. नळाचं दुखणं रस्त्याला लागलं!

तिसरा कागद, नकाशा. इथे जरा थांबावं लागेल, कारण खरी गोम इथे आहे.

बाणेर, बालेवाडी ही गावं १९९७ साली महापालिकेत आली. त्यानंतर एकोणीस वर्षांनी, २०१६ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाला तिथल्या पाणीटंचाईची दखल घेऊन नव्या बांधकामांच्या परवानग्या काही काळ थांबवाव्या लागल्या. एवढा मोठा धडा मिळाला. पुढे काय केलं? २०१७ मध्ये अकरा गावं घेतली, २०२१ मध्ये आणखी तेवीस. आणि या तेवीस गावांच्या बाबतीत एक अजब वाटणी झाली. गावं महापालिकेची, पण नियोजनाचा अधिकार राज्य सरकारने पीएमआरडीएकडे ठेवला. म्हणजे इमारतीला परवानगी देणार एक संस्था आणि त्या इमारतीला पाणी देणार, मैला वाहून नेणार, कचरा उचलणार दुसरीच. लग्न एकाने ठरवायचं आणि पंगत दुसऱ्याने वाढायची. मग पाहुणे किती बोलवायचे, याचा विचार पहिला कशाला करेल?

हे मी कारभाराच्या सोयीगैरसोयीपुरतं बोलत नाहीये. जानेवारी २०२५ आठवा. सिंहगड रस्त्याच्या भागात गुलियन बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडायला लागले. नांदेड, किरकटवाडी, धायरी ही नावं रोज बातम्यांत होती. धडधाकट माणसांच्या हातापायातली ताकद जात होती, काहींना व्हेंटिलेटरवर ठेवावं लागलं, मृत्यूही झाले. तेव्हा पुणेकरांना कळलं की नांदेड परिसराला विहिरीचं पाणी जातं. त्यात क्लोरीन मिसळतात, पण मध्ये जलशुद्धीकरण केंद्र नाही. ही गावं कुठे आहेत? खडकवासला धरणाच्या पायथ्याशी. ज्या धरणावर पुणं जगतं, त्याच्या उशाला राहणाऱ्यांना शुद्ध केलेलं पाणी नाही! आजाराची मीमांसा डॉक्टरांनी करावी. पण टोलेजंग इमारतींना परवानगी आधी मिळते आणि शुद्धीकरण केंद्र 'प्रस्तावित' राहतं, हा क्रम काही कुठल्या जिवाणूने ठरवलेला नाही.

आता एक आक्षेप, आणि तो मला खरोखर वजनदार वाटतो. परवानग्या थांबवल्या तर घरं महागतील. मग गरीब आणि मध्यमवर्गीय माणूस गुंठेवारीत, अनधिकृत चाळीत जाईल. तिथे तर काहीच नसेल. हे बरोबर आहे. म्हणून 'बांधकाम बंद करा' असं मी म्हणणार नाही. बाहेरून आलेल्यांना नावं ठेवणारी जी भाषा आपल्याकडे चालते, तीही मला मान्य नाही. आपल्यातले किती जण तीन पिढ्यांचे पुणेकर आहेत?

माझं म्हणणं एवढंच की हिशेब उघडा ठेवा. गावागावाचा एक तक्ता हवा. रोज किती शुद्ध पाणी उपलब्ध आहे, मैलाशुद्धीकरणाची क्षमता किती, रस्ता आज प्रत्यक्ष किती रुंद आहे, आणि आजवर दिलेल्या परवानग्यांनी त्यातलं किती वापरून टाकलंय. खात्यात शिल्लक असेल तरच चेक वटतो. भोगवटा प्रमाणपत्रालाही तोच नियम लावा. परवानगी देताना विकास शुल्क वसूल होतं ना? मग ते कुठल्या गावातून आलं आणि कुठल्या गावात खर्च झालं, तेही त्याच तक्त्यात लिहा. क्षमता वाढेल तसतशी पुढच्या टप्प्याला परवानगी द्या. घरं बांधायची थांबणार नाहीत, पाण्याच्या मागोमाग बांधली जातील.

आणि आपण? आपण सॅम्पल फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचा ओटा हाताने चाचपून बघतो. ओट्याला दगड कुठला, ते विचारतो. त्याच ओट्यावरच्या नळाला पाणी कुठून येणार, हे विचारायला मात्र संकोचतो. उत्तरात 'प्रस्तावित' हा शब्द आला, तर एकच प्रश्न पुढे विचारा : आणि तोपर्यंत?