डिस्कोच्या ठेक्यावरील दहा राग

डिस्को हा शब्द ऐकताच आपल्याकडील वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. १९८० साली 'कुर्बानी'त बिद्दू यांच्या चालीवर नाझिया हसन गायली, १९८२ साली 'डिस्को डान्सर' आला आणि लग्नमांडवातून तोच ठेका घुमू लागला. अतिरेकाचा वीट येणे स्वाभाविक होते. पण वीट येणे म्हणजे परीक्षण नव्हे.

आमचे मत पालटले ते चरणजित सिंग यांच्या ध्वनिमुद्रिकेमुळे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजविणाऱ्या मुंबईच्या या वादकाने १९८२ मध्ये डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग मुद्रित केले. तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जाणकार चकित झाले. शिकागोत १९८७ च्या सुमारास ज्या रोलँड यंत्रांतून नवे नृत्यसंगीत घडले, तीच येथे पाच वर्षे आधी बोलत होती.

आधी कोण, हा वाद आम्हांस गौण वाटतो. त्या यंत्राचा खर्ज एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरतो, त्यात मींडेची छाया आहे. सिंग यांनी ती नेमकी हेरली. उणीव मात्र खरी आहे. पहाटेचा ललित आणि मध्यरात्रीचा मालकंस दोघेही एकाच चालीने चालतात.

तोच तो ठेका कंटाळवाणा, असा आक्षेप घेतला जातो. मराठवाड्यात तरी तो शोभत नाही. माहूरच्या रेणुकेला आवतण देणाऱ्या गोंधळात तुणतुण्याची एकच तार रात्रभर झणकारते, संबळ पाय सोडत नाही. (श्रद्धेचा प्रश्न निराळा; आम्ही वादनाविषयी बोलतो.) ठेका स्थिर असला की शरीराला अंदाज बांधावा लागत नाही, आणि कान बारकाव्यांकडे वळतो. डिस्कोत चारही मात्रांवर पडणारा सारखा आघात हेच काम करतो.

अमेरिकेत हे संगीत वाढले ते कृष्णवर्णीय, लॅटिन आणि समलिंगी तरुणांच्या नृत्यगृहांत. १२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या बेसबॉल मैदानावर डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडविण्यात आल्या. तो तिटकारा केवळ संगीताचा होता, असे आम्हांस वाटत नाही. कराराच्या कोशापुढे नाचणाऱ्या दाविदाकडे मीखलने खिडकीतून पाहिले, तेव्हा तिनेही ताल ऐकला नव्हता. राजाची अप्रतिष्ठा तेवढी पाहिली होती.

ऐकायचेच तर 'ललित'पासून आरंभ करावा, आणि खुर्च्या आधी भिंतीला लावून ठेवाव्यात.