एका शब्दावरून फुटलेली पँथर

दलित पँथरचा १९७३चा जाहीरनामा मी कळमेश्वरहून नागपूरला जाताना बसमध्ये, मोबाइलवर वाचला. संताप अपेक्षित होता. थांबलो मात्र एका व्याख्येपाशी. दलित म्हणजे अनुसूचित जाती-जमाती आणि बौद्ध तर आहेतच. पण कामगार, भूमिहीन, गरीब शेतकरी, स्त्रिया आणि धर्माच्या नावाखाली पिळले जाणारे सगळेच.

पुढच्याच वर्षी संघटना फुटली. राजा ढाले यांना या मजकुरात मार्क्सवाद दिसला. त्यांचा आग्रह बुद्ध-आंबेडकरांच्या विचाराचा होता. नामदेव ढसाळ वेगळे पडले. १९७७मध्ये ढाले यांनी पँथर बरखास्त केल्याचं जाहीर केलं.

आपण हे भांडण दोन माणसांचं म्हणून वाचतो. मला उणीव मजकुरात दिसते. मित्र कोण, शत्रू कोण हे जाहीरनामा सांगतो. पण वस्तीवर चालून येणाऱ्यांत गरीब शेतकरीही असला तर काय, हे सांगत नाही. शब्द रुंदावला की जात पुसट होते, ही भीती खोटी नव्हती. पण उपाय म्हणून शब्दच आखडला, आणि कामगार, स्त्रिया बाहेर राहिल्या.

आमच्या एमआयडीसीत कंत्राटी कामगार एकाच गेटातून आत जातात. खोली भाड्याने शोधताना मात्र आधी आडनाव विचारलं जातं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाट्याला येतात. ती व्याख्या खोडायची नव्हती, पूर्ण करायची होती. ते काम अजून बाकी आहे.