नाटकाचे मास्तर आणि त्यांची कादंबरी

नाटकांच्या तालमी करणाऱ्या आपल्या मंडळींनी कॅनडात इतकी वर्षे काढून रॉबर्टसन डेव्हिस वाचले नसतील, तर मला ते जरा खटकते. ऑन्टॅरिओतल्या थेम्सव्हिल या लहान गावी १९१३ साली जन्मलेल्या डेव्हिस यांनी ऑक्सफर्डला शेक्सपिअरच्या काळातील बालनटांवर प्रबंध लिहिला, लंडनच्या ओल्ड व्हिक कंपनीत काम केले, परतून वर्तमानपत्र चालवले, आणि पुढे टोरांटो विद्यापीठात वीसेक वर्षे नाटक शिकवले. कादंबऱ्या ते अधूनमधून लिहीतच होते. पण त्यांची खरी कादंबरी, 'फिफ्थ बिझनेस', आली १९७० साली, वयाची पंचावन्नी उलटल्यावर.

इतका उशीर का? माझे मत असे की त्यांना सांगणारा सापडत नव्हता. 'टेम्पेस्ट-टॉस्ट' (१९५१) मध्ये हौशी मंडळी शेक्सपिअरचे नाटक बसवतात. भूमिकांवरून रुसवेफुगवे, तालमीतला गोंधळ. आपल्या गणेशोत्सवाची आठवण व्हावी! पण लेखक वर बाल्कनीत बसून सगळ्यांना हसतो. मौज वाटते, काळजी कोणाचीच वाटत नाही. १९६० साली त्यांच्या दुसऱ्या कादंबरीचे नाट्यरूप टायरन गथ्रींनी ब्रॉडवेवर आणले, तेही पाच प्रयोगांत बंद पडले.

'फिफ्थ बिझनेस'चा निवेदक रॅम्झी शाळामास्तर आहे, आणि संतांचा चरित्रकारही. निवृत्तीनंतर शाळेच्या मासिकातला आपल्यावरचा लेख वाचून तो भडकतो आणि हेडमास्तरांना आपली हकीकत लिहून पाठवतो. दहा वर्षांचा असताना मित्राने मारलेला बर्फाचा गोळा त्याने चुकवला. तो लागला एका गरोदर बाईला. गोळ्यात दगड होता. मूल अकाली जन्मले, बाई भ्रमिष्ट झाली. मित्र कोट्यधीश झाला आणि विसरला. रॅम्झी विसरला नाही.

ते मूल पुढे मोठा जादूगार होते, आणि रॅम्झी त्याचे चरित्र लिहितो, तेही धडधडीत बनावट! डेव्हिससुद्धा कमी नाहीत. नायक नाही, खलनायक नाही, पण ज्याच्यावाचून नाटकाचा शेवट घडत नाही, ते पात्र म्हणजे 'फिफ्थ बिझनेस', अशी व्याख्या त्यांनी आरंभी एका डॅनिश नाट्येतिहासकाराच्या नावावर दिली. नॉर्वेजियन अनुवादकाला ती कुठे मिळेना, तेव्हा १९७९ साली त्यांनी कबूल केले की ती आपणच रचली.

मग रॅम्झीची स्वतःबद्दलची हकीकत तरी कितपत खरी धरायची? मी पोटासाठी प्रोग्रॅममधल्या चुका शोधतो. ज्याने नोंदी ठेवल्या त्यानेच घोटाळा केला असेल तर काय, हा प्रश्न मला नवा नाही. मित्राची बायको लिओला पुस्तकभर बाहुलीसारखी फिकी राहते. डेव्हिस यांना स्त्रिया जमत नाहीत असे म्हणून हे सोडून देता येईल. मला मात्र हा रॅम्झीचा हिशेब वाटतो, कारण लिओला एके काळी त्याचीही मैत्रीण होती.

म्हणून पुढचा भाग, 'द मँटिकोर' (१९७२), जरूर वाचा. तिथे लिओलाचा मुलगा बोलतो. बहिणीने त्याच्या मनात भरवले आहे की त्याचा खरा बाप रॅम्झी मास्तरच असावा.