दोष पंपाचा की पाइपाचा?

कुकडीचे पाणी आले, ऊस, द्राक्षे आणि टोमॅटो आले, तशी जुन्नर तालुक्यातली घरेही बदलली. पिंपळवंडीसारख्या गावात मातीविटांचे जुने घर सगळेच पाडले जाते असे नाही. पुढची पडवी तशीच ठेवून मागे दोन खोल्या, वर स्लॅब आणि आत फरशीची दोन न्हाणीघरे, असेही नूतनीकरण होते. अशा एखाद्या घरात हीट पंप बसवला, की पहिल्याच थंडीत ठरलेली तक्रार ऐकू येते : "एवढे पैसे घातले, आणि नळ सोडून दोन-तीन मिनिटे कुडकुडत उभे राहायचे! आपला जुना गिझर काय वाईट होता?" तो गिझर अडगळीतून काढून पुन्हा भिंतीवर चढवायला मग फार दिवस लागत नाहीत.

ही तक्रार खरी आहे, पण तिच्यावरून दिला जाणारा निकाल चुकीचा आहे, असे आम्हांस वाटते. या चुकीत विज्ञानप्रसार करणाऱ्या आमच्यासारख्यांचाही वाटा आहे.

हीट पंप म्हणजे उलट्या कामाला लावलेला फ्रीज. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून तो पाण्याला देतो. अशा यंत्राने इमारत उबदार ठेवता येईल, ही कल्पना विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्व्हिन, यांनी १८५२ साली मांडली होती. विजेचे १ युनिट खर्च केले, की पाण्याला सुमारे ३ युनिटे उष्णता मिळते. त्यांतली दोन हवेतून आलेली असतात, त्यामुळे ऊर्जा अक्षय्यतेला कोठेही धक्का लागत नाही. आम्ही लेखांतून नेमके एवढेच सांगतो आणि थांबतो. ही तीन युनिटे टाकीपर्यंत येतात. टाकीपासून नळापर्यंतचा हिशेब कोणीच सांगत नाही.

पूर्वी त्याची गरज नव्हती. तांब्याचा बंब न्हाणीच्या दारातच असे. तोटी फिरवली की पाणी थेट घंगाळात. धूर भरपूर, सरपणही भरपूर, पण अंतर जवळजवळ शून्य. गिझर आला तोही नळाच्या डोक्यावर, मीटरभर पाइपावर. (बंबाकडे परत जा, असे आम्ही म्हणत नाही. उसात बिबट्या दबा धरून असताना पहाटेच्या अंधारात परसदारी जाऊन बंब कोण पेटवणार?) हीट पंपाला मात्र मोकळी हवा लागते. म्हणून तो परसात किंवा गच्चीवर जातो, त्याच्याबरोबर २०० लीटरची टाकीही जाते, आणि न्हाणीघर १५-२० मीटर दूर राहते.

येथे दोन वेगळे 'उशीर' एकमेकांत मिसळतात. पहिला टाकीचा. २०० लीटर पाणी २० अंशांवरून ५५ अंश सेल्सिअसपर्यंत नेण्यास सुमारे ८ युनिटे उष्णता लागते. यंत्र ३ किलोवॉट दराने उष्णता देत असेल, तर पावणेतीन तास लागतील. पण हे काम दुपारीच, हवा उबदार असताना, उरकून घेता येते. पहाटे त्याचा त्रास होण्याचे कारण नाही. दुसरा उशीर पाइपाचा, आणि पहाटे कुडकुडायला लावतो तो हाच.

एक इंची, म्हणजे आतून सुमारे २५ मिलीमीटर व्यासाच्या पाइपात दर मीटरला जवळजवळ अर्धा लीटर पाणी मावते. १८ मीटरला झाले ८.८ लीटर. रात्रभरात ते गार झालेले असते, आणि ते सगळे बाहेर पडल्याशिवाय गरम पाणी नळाशी येत नाही. शॉवरची धार मिनिटाला ४ लीटर असेल, तर दोन मिनिटे बारा सेकंद गेली. अर्धा इंची (१५ मिलीमीटर) पाइप असता तर ३.२ लीटर, म्हणजे ४८ सेकंद. प्रत्यक्षात वेळ याहून जास्त लागतो, कारण पाइप आणि त्याला चिकटलेली भिंतही तापावी लागते. पाऊण इंची लोखंडी पाइपाचा मीटरभर तुकडा दीड किलोच्या आसपास भरतो. लोखंडाची विशिष्ट उष्णता पाण्याच्या सुमारे नवमांश असली, तरी आतल्या पाण्याला लागते त्याच्या जवळजवळ निम्मी उष्णता हा तुकडा स्वतःच पितो.

मग प्लंबर जाड पाइप का घालतो? तो अडाणी आहे म्हणून नव्हे. पाइप बारीक घ्या, हा सल्ला परदेशी पुस्तकांतून येतो, आणि तेथे नळाला चांगला दाब असतो. आपल्याकडे सगळी भिस्त गच्चीवरच्या टाकीवर. तीन मीटर उंचीने मिळणारा दाब वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम तीन-दशांश. व्यास २५ वरून १५ मिलीमीटर केला, तर तेवढ्याच दाबाने वाहू शकणारे पाणी साधारण चौथाईवर येते. एका नळाला ते पुरते. दोन न्हाणीघरे एकदम चालू झाली, की धार करंगळीएवढी होते आणि शिव्या प्लंबरला बसतात. त्याची चूक वेगळीच आहे : गार पाण्याला लावलेला नियम तो गरम पाण्यालाही लावतो. प्रत्येक न्हाणीघराला टाकीपासून स्वतंत्र अर्धा इंची पाइप दिला, तर दोन्ही तक्रारी बऱ्याच मिटतात. त्याहून चांगले म्हणजे टाकी न्हाणीघराच्या भिंतीपलीकडेच ठेवणे. पण घराच्या आराखड्यात देवघराची दिशा आधी ठरते, आणि टाकीला उरलेली जागा मिळते.

गरम पाणी पाइपातून सतत फिरवत ठेवणारा छोटा पंप हा उपाय विक्रेते सुचवतात. त्याविषयी आमचा स्पष्ट आक्षेप आहे. उघडा पाइप दर मीटरला सुमारे २५ वॉट उष्णता गमावतो. जाऊन-येऊन ३६ मीटरचा फेरा धरला, तर दिवसाला २० हून अधिक युनिटे उष्णता गेली, आणि साऱ्या घराच्या अंघोळीला लागतात ८! आंघोळीआधी बटण दाबून मिनिटभर चालवण्यापुरता तो पंप ठीक आहे. पाइपाला वेष्टण घालणेही चांगले. पण त्याचा उपयोग दोन अंघोळींच्या मधल्या वेळात होतो, रात्रभर नाही.

सुरुवातीचे गार पाणी 'वाया जाते' हेही सरसकट खरे नाही. घरातल्या बायका नळाखाली बादली लावतात आणि ते पाणी धुण्याभांड्याला वापरतात. खरोखर वाया जाते ते नळ बंद केल्यावर पाइपात मागे राहिलेले गरम पाणी, म्हणजे त्यातली उष्णता. ८.८ लीटर ५० अंशांवरून २० अंशांवर आले, की ०.३ युनिट गेले. दिवसातून चारदा असे झाले, तर १.२ युनिट, म्हणजे टाकीत घातलेल्या उष्णतेचा जवळजवळ सातवा भाग. तो कोणाच्याच डोळ्यांना दिसत नाही.

आपल्या वर्गातली उष्णतेची उदाहरणे 'किती उष्णता लागेल' येथे संपतात. त्यांत पाणी नेहमी एका भांड्यात असते, पाइपात कधीच नसते. नववी-दहावीच्या मुलांना घरी हे करायला सांगावे. पहाटे पहिला नळ सोडताना खाली बादली लावायची, पाणी ४० अंशांवर येईपर्यंतचे सेकंद मोजायचे आणि बादलीतले पाणी मापून घ्यायचे. मग दोरीने पाइपाची लांबी मोजून, आतला व्यास दुकानात विचारून, πr²l काढायचे. २८ फेब्रुवारीच्या सुमारास खोडदच्या दुर्बिणीपाशी विज्ञान प्रदर्शन भरते, तेथे मांडण्यासारखे हे काम आहे. हिशेबाने ८.८ लीटर येतात आणि बादलीत १३ निघाले, तर वरच्या चार लीटरांची उष्णता कोठे गेली, हे भिंतीला हात लावून मुलांनीच शोधावे.